आतून पोकळ झालेले झाड

मे २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वसाहतीतले चिंचेचे झाड पाडले गेले. पुण्याच्या पश्चिम भागातली ही वसाहत पूर्वीच्या शेतजमिनीवर उभी आहे आणि ही चिंच त्या शेतांच्या बांधावरची. प्लॉट पडले, बंगले झाले, बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. बांध कोठे होता हे सांगणारी ही एकच खूण राहिली होती. तीन दिवस यांत्रिक करवत चालली. चौथ्या दिवशी लाकूड ट्रकमधून वखारीला गेले आणि रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचा बुडखा तेवढा उरला.

झाड पाडण्याच्या अर्जावर आमचीही सही होती. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे लिहिणार आहोत ते दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी नाही.

झाले असे, की २०२२ च्या जूनमध्ये, पाऊस स्थिरावण्यापूर्वीच्या एका वादळात चिंचेची एक फांदी मोडून खालच्या स्कूटरवर पडली. स्कूटर चेपली, माणूस कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी सभा भरली. ज्यांची मुले त्याच झाडाखाली शाळेच्या बसची वाट पाहतात त्यांची काळजी खरी होती. झाडे कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. एका ठेकेदाराला बोलावले. त्याने ढोलीत काठी घातली. काठी हातभर आत गेली. ‘‘आतून पूर्ण पोकळ आहे साहेब, केव्हाही बसेल,’’ तो म्हणाला. अर्ज तयार झाला. कारण : ‘पोकळ व धोकादायक’. झाडाचे वय : ‘अंदाजे ४० वर्षे’. अर्ज घरोघरी फिरला, आमच्याकडे आला, आम्ही सही केली.

आमचे शिक्षण पदार्थांच्या मजबुतीशी संबंधित आहे. पोकळ नळी आणि भरीव दांडा यांच्या वाकण्यातला फरक आम्ही कितीतरी वर्षे विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवत आलो आहोत. पण ‘पोकळ’ हा शब्द झाडाच्या बाबतीत वाचला तेव्हा फळ्यावरची ती आकृती आम्हाला आठवली नाही. झाड पोकळ म्हणजे झाड संपलेले, असाच अर्थ आम्हीही घेतला.

बुडख्यावर काय दिसले

पुढच्या रविवारी शेजारच्या गल्लीतली आठवी-नववीची पाच-सहा मुले बुडख्यावरची वलये मोजायला आली. पुस्तकात ‘एक वलय म्हणजे एक वर्ष’ असे वाचलेले. बराच वेळ डोळे ताणूनही त्यांना वलये मोजता येईनात, म्हणून ती आम्हाला बोलावून घेऊन गेली.

वलये स्पष्ट उमटण्यासाठी वर्षातला काही काळ झाडाची वाढ पूर्ण थांबावी लागते. थंड प्रदेशात हिवाळ्यात ती थांबतेच. आपल्याकडे सागाची पाने उन्हाळ्यात गळून पडतात, वाढ थांबते आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या नळ्यांचे नवे लाकूड तयार होऊ लागते. म्हणून सागाची वलये चांगली दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत अशा वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यासही झाला आहे. चिंचेचे तसे नाही. ती जवळजवळ वर्षभर हिरवी असते, वाढ कधी मंद कधी जलद, आणि लाकडातल्या रेषा अर्धवट उमटून विरून जातात. चिंचेच्या बुडख्यावर वलये मोजून वय सांगणारा मनुष्य बहुधा अंदाजच सांगत असतो.

मग आम्ही मोजता येण्यासारखे जे होते ते मोजले. बुडख्याचा व्यास सरासरी १३० सेंटिमीटर. पोकळीचा व्यास ७० सेंटिमीटर. पोकळी बरोबर मध्यभागी नव्हती : एका बाजूला २२ सेंटिमीटर जाडीची भिंत होती, समोरच्या बाजूला ३८. भिंतीचे लाकूड फिकट पिवळसर, ओलसर आणि इतके कठीण, की एका मुलाने ठोकायला घेतलेला खिळा वाकला. पोकळीच्या कडेला मात्र बोटभर रुंदीचा काळपट पट्टा होता. आतमध्ये तपकिरी भुसा, पिंगळ्यांनी टाकलेल्या किड्यांच्या कवचांचे तुकडे आणि दोन पिसे.

पोकळी आणि मजबुती

वारा झाडाला ढकलतो तेव्हा बुंध्यात काय घडते? वाऱ्याकडच्या बाजूचे लाकूड ताणले जाते, विरुद्ध बाजूचे दाबले जाते. या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे गाभ्यात, ताण आणि दाब दोन्ही नगण्य असतात. वाकण्याला विरोध करण्याचे जवळजवळ सारे काम सालीलगतचे लाकूड करते. गाभ्याचे लाकूड नुसतेच उभे असते म्हणा ना.

वर्गात हे दाखवायला वर्तमानपत्राचे दोन सारखे कागद पुरतात. एक अगदी घट्ट गुंडाळून पेन्सिलीएवढी कांडी करा. दुसऱ्याची मनगटाएवढी रुंद नळी करून कडा चिकटवा. दोन्ही एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला वजन टांगा. कागद तेवढाच, पण रुंद नळी कितीतरी कमी वाकते. बांबू, सायकलची दांडी, पक्ष्यांची हाडे, सगळीकडे हेच तत्त्व आहे.

आता गणित. भरीव गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्यामुळे पोकळीने किती मजबुती घटली हे काढायला पोकळीच्या त्रिज्येला बुंध्याच्या त्रिज्येने भागायचे आणि त्या गुणोत्तराचा चौथा घात करायचा. बुंधा निम्म्या त्रिज्येपर्यंत पोकळ असेल तर अर्ध्याचा चौथा घात, म्हणजे सोळावा भाग. मजबुती सुमारे ६ टक्क्यांनी घटली. गुणोत्तर ०.७ असेल तर २४ टक्के, ०.८ असेल तर ४१ टक्के आणि ०.९ असेल तर ६६ टक्के. पाहा, घट बराच काळ हळूहळू होते आणि शेवटी एकदम वाढते. मुलांना याचा आलेख काढायला सांगावा. तो एकदा स्वतःच्या हाताने काढला, की ‘पोकळ’ या एका शब्दावर निर्णय घेता येत नाही, किती पोकळ हे विचारावे लागते, ही गोष्ट डोळ्यांसमोर राहते.

आमच्या चिंचेचे गुणोत्तर ३५ भागिले ६५, म्हणजे ०.५४. चौथा घात ०.०८४. एकोणतीस टक्के लाकूड नाहीसे झाले होते आणि मजबुती घटली होती ८ टक्के! मुलांनी हे गणित बुडख्यावरच बसून खडूने मांडले. त्यांच्यातल्या एकीने विचारले, ‘‘सर, मग पाडलं कशाला?’’ आम्ही तेव्हा तिला उत्तर दिले नाही.

हे गणित आदर्श नळीचे आहे, हे लगेच सांगायला हवे. पोकळी एका बाजूला सरकलेली असेल, तिचे तोंड बाहेर उघडे असेल किंवा बुंध्याला उभी चीर गेली असेल तर मजबुती याहून अधिक घटते. जर्मनीतील कार्ल्सरूहचे क्लाउस माथेक यांनी १९९० च्या दशकात मोडलेल्या आणि उभ्या असलेल्या पोकळ झाडांची मापे ताडून पाहिली. शिल्लक भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून कमी झाली, की मोडण्याचा धोका वाढू लागतो, असा ढोबळ नियम त्यांनी मांडला. त्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. फार रुंद बुंध्याची झाडे याहून पातळ भिंतीवरही उभी राहतात. आमच्या चिंचेची सर्वांत पातळ भिंत २२ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्येच्या एक तृतीयांशाच्या किंचित वर. काठावर म्हणा हवे तर. पण ‘केव्हाही बसेल’ असे नव्हे.

जखम भरत नाही, कोंडली जाते

पोकळी झाली कशी? आपल्या शरीराला जखम झाली तर नव्या पेशी जुन्या पेशींची जागा घेतात आणि जखम भरून येते. झाडाला हे जमत नाही. एकदा तयार झालेले लाकूड कुजले तर ते पुन्हा दुरुस्त होत नाही. अमेरिकेच्या वनसेवेत काम करणाऱ्या अलेक्स शिगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून जखमांच्या आसपास काय घडते हे पाहिले आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. झाड कुजलेला भाग कोंडून टाकते. त्याभोवतीच्या पेशी बुरशीला न मानवणारी रसायने भरून घेतात, जलवाहिन्या बुजवतात, आणि जखमेच्या बाहेर पुढे जे नवे लाकूड तयार होते ते तर एका भक्कम भिंतीने अलग ठेवलेले असते. बुडख्यातला तो काळपट पट्टा म्हणजे अशीच एक सीमा होती. बुरशीने त्याच्या आतले खाल्ले, बाहेरच्याला हात लावला नव्हता.

शिवाय झाडाच्या गाभ्यातले लाकूड मेलेलेच असते. पाणी वर नेण्याचे काम बाहेरचे रसकाष्ठ करते, अन्न खाली आणण्याचे काम सालीतल्या रसवाहिन्या करतात, आणि नवे लाकूड तयार करते ती साल व लाकूड यांमधली पेशींची अगदी पातळ चादर. म्हणजे जिवंत झाड हे एक कवचच आहे. गाभा कुजला म्हणून पाने पिवळी पडत नाहीत की चिंचा कमी लागत नाहीत. आमच्या झाडाला शेवटच्या वर्षीही एवढ्या चिंचा लागल्या होत्या, की निम्म्या वसाहतीने वर्षाचा गोळा भरून ठेवला. कुजलेल्या गाभ्यातले खनिज पुन्हा मुळांवाटे उचलून झाड ते वापरतेही.

ढोलीचे तोंड जमिनीपासून तीन मीटरवर होते. तेथे पूर्वी मोठी फांदी असावी; शेताचा मालक असताना कोणीतरी ती सरपणासाठी बुंध्याला अगदी चिकटून छाटलेली असणार. फांदीच्या बुडाशी सालीचा एक फुगवटा असतो. तो राखून त्याच्या बाहेर छाटले तर झाड जखमेभोवती लवकर वेढा घालते. फुगवट्यासकट सपाट कापले तर बुंध्याचेच लाकूड उघडे पडते. ही साधी गोष्ट फांद्या छाटणाऱ्या प्रत्येकाला शिकवली तर पुढच्या पन्नास वर्षांतल्या कितीतरी ढोल्या टळतील. (आणि मग पिंगळे कोठे राहतील, असे कोणी विचारील! त्याकडे येऊच.)

मुळांकडची बाजू

इथपर्यंत वाचून वाटेल, की झाड ठणठणीत होते आणि आम्ही ते उगाच पाडले. गोष्ट इतकी सरळ नाही. जूनमध्ये बुडख्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक बदलायला काढले तेव्हा आम्ही मुद्दाम उभे राहून खालची जमीन पाहिली. २०१९ साली सांडपाण्याच्या नळासाठी बुंध्याच्या पश्चिमेला जेमतेम एक मीटरवरून यंत्राने चर खणला होता. चराच्या कडेला मांडीएवढी जाड दोन मुळे करवतीने कापावी तशी सरळ तुटलेली होती. त्यांची टोके काळी पडून मऊ झाली होती. बाकी तिन्ही बाजूंना बुंध्याला टेकेपर्यंत काँक्रीटचा थर आणि वर ब्लॉक.

झाडाची मुळे म्हणजे जमिनीखालचे उलटे झाड, असे चित्र पुष्कळ पुस्तकांत असते. ते चुकीचे आहे. बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीतच, पण फांद्यांच्या पसाऱ्याच्याही पलीकडे आडवी पसरलेली असतात. त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या छिद्रांतून येतो. वर काँक्रीट ओतले की हवा आणि पाणी दोन्ही तुटतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे निदान एक मीटर त्रिज्येतले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता तो याचसाठी.

जाड मुळांचे दुसरे काम तंबूच्या दोरांचे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळे झाडाला मागे ओढून धरतात. आपल्याकडे पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, आणि नेमके त्याच बाजूचे दोन दोर तुटलेले होते. म्हणजे धोका असलाच तर तो ढोलीत नव्हता, जमिनीखाली होता. तो झाडाने आणलेला नव्हता, आपण आणलेला होता. अर्जात त्याचा उल्लेख नव्हता, कारण कोणी पाहिलेच नव्हते.

मग पाहायला काय हवे होते? झाडाच्या बुडाशी एका बाजूची माती उचलली गेली आहे का, जमिनीला नवी भेग पडली आहे का, झाड अलीकडे कलले आहे का, बुडाशी किंवा मुळांवर छत्रीसारखी कडक बुरशी आली आहे का, बुंध्याला उभी चीर आहे का. या पाच गोष्टी पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकणे, हे कलिंगड घेताना आपण करतोच. त्यापुढे जायचे तर बारीक सुईसारख्या गिरमिटाने लाकडाचा विरोध नोंदवणारे यंत्र आहे, ध्वनिलहरी बुंध्यातून पाठवून आतल्या पोकळीचा नकाशा काढता येतो, आणि झाडाला दोर बांधून अगदी थोडे ओढून बुडाचा कल किती बदलतो हे मोजता येते. यांतल्या शेवटच्या चाचणीनेच आमच्या चिंचेच्या मुळांबद्दल काही सांगता आले असते.

आणि मुळे कमकुवत निघाली असती तरी पाडणे हा एकच उपाय नव्हता. समजा, फांद्यांचा पसारा चौथ्या हिश्शाने कमी केला आणि वाऱ्याच्या जोराचा मध्य ८ मीटर उंचीवरून ७ मीटरवर आणला. बुडाशी येणारा उलथवणारा जोर म्हणजे वाऱ्याचे बल गुणिले उंची. तीन चतुर्थांश गुणिले सात अष्टमांश, म्हणजे ०.६६. उलथवणारा जोर एक तृतीयांशाने कमी झाला. अशी छाटणी एकदम फार करू नये आणि दर काही वर्षांनी पुन्हा लक्ष द्यावे लागते, हे खरे. त्याला खर्च येतो. पाडायलाही आला होता.

वय आणि चाळीस रोपे

अर्जातले चाळीस वर्षे हे वय कोणी लिहिले ते आता कोणालाच आठवत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना आम्ही नंतर सहज विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, आम्ही एकोणसत्तर साली प्लॉट घेतला तेव्हाच त्या ढोलीत पोपट होते. यांनी प्लॉट घेतला तो त्या सावलीकडे बघून.’’ पोपटाचे घरटे मावेल एवढी ढोली पडायला आधी फांदी जाड व्हावी लागते, ती तुटावी लागते, मग गाभा कुजावा लागतो. यात कित्येक दशके जातात. म्हणजे १९६९ सालीच झाड प्रौढ होते. २०२३ साली ते पन्नास वर्षांच्या कितीतरी पुढे होते, यात शंका नाही.

याला महत्त्व आहे. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे झाड पाडण्यासाठी परवानगी लागते, झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात. आमच्याही झाडावर नोटीस होती. ती भिजून फाटेपर्यंत बुंध्यावर होती आणि आमच्यापैकी कोणीच हरकत घेतली नाही. या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे वारसावृक्ष असा वेगळा दर्जा मिळाला, आणि पाडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावीत असे ठरले. अर्जात एका रकान्यात चुकीचा आकडा लिहिला गेल्यामुळे हा सारा विचार टळला. आम्ही तो आकडा वाचला होता.

चाळीस रोपे लावली गेली, वसाहतीपासून नऊ किलोमीटरवर टेकडीच्या पायथ्याशी. वर्षभराने आम्ही पाहायला गेलो तेव्हा तेवीस जगली होती. पण सगळी जगली असती तरी काय झाले असते, हे पाहू. चिंचेच्या पसाऱ्याचा व्यास १८ मीटर होता. त्याखालची जमीन सुमारे २५४ चौरस मीटर. रोपाचा पसारा एक मीटर रुंद धरला तर त्याची सावली पाऊण चौरस मीटरच्या आसपास. चाळीस रोपांची सावली ३१ चौरस मीटर, तीही नऊ किलोमीटर दूर.

आणखी एक गैरसमज या हिशेबात लपलेला असतो : म्हातारे झाड वाढत नाही, रोपटे झपाट्याने वाढते. उंचीच्या बाबतीत हे बरोबर आहे. लाकडाच्या बाबतीत नाही. एक झाड १० सेंटिमीटर व्यासाचे आणि एक १३० सेंटिमीटरचे घ्या. दोन्हींभोवती वर्षाला ३ मिलिमीटर जाडीचा नवा थर चढला असे माना. लहान झाडाच्या आडव्या छेदात भर पडेल सुमारे १० चौरस सेंटिमीटरची, मोठ्यात १२३ चौरस सेंटिमीटरची. थर तेवढाच, पण घेर तेरापट. मोठ्या झाडाच्या बुंध्याची आणि फांद्यांची एकूण लांबीही अधिक असल्याने प्रत्यक्षातला फरक आणखी वाढतो. २०१४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात जगभरच्या ४०३ जातींच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक सर्व जातींत झाड जितके मोठे तितकी वर्षाला पडणारी वजनाची भर अधिक, असे त्यात दिसले. (हे एकेका झाडाबद्दल आहे, संपूर्ण जंगलाच्या वाढीचा हिशेब वेगळा असतो.)

सावलीचे काय झाले तेही आम्ही मोजले. मे महिन्याच्या अखेरीस, दुपारी दोन वाजता, अवरक्त तापमापकाने. जेथे पूर्वी चिंचेची सावली असे तेथले पेव्हर ब्लॉक ५७ अंश सेल्सियस. त्याच ओळीतले, पलीकडच्या आंब्याखालचे ब्लॉक ३६ अंश. छातीएवढ्या उंचीवर हवेचे तापमान मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखे : ३८.५ आणि ३७. मुले गोंधळली. ‘झाडाखाली दहा अंशांनी गार असते’ असे कोठेतरी वाचलेले. हवा वाहती असते, ती लगेच मिसळते, म्हणून तिच्या तापमानात फार फरक पडत नाही. आपल्याला जो त्रास होतो तो डोक्यावरच्या उन्हाचा आणि तापलेल्या जमिनीकडून, भिंतींकडून येणाऱ्या प्रारणाचा. झाड तो अडवते. शिवाय पानांतून पाण्याची वाफ होते तिला उष्णता लागते. मोठ्या झाडातून दिवसाला शंभर लिटर पाणी गेले असे धरले, तर त्यासाठी लागणारी उष्णता सुमारे ६८ युनिट विजेइतकी होते. ती सारी आपल्या अंगणातूनच घेतली जात नाही, पण त्या उष्णतेने पाने आणि आसपासचे तापले असते ते तापत नाही.

राहिले पिंगळे. पिंगळा स्वतः लाकूड कोरत नाही. पोपट, साळुंक्या, धनेश यांनाही तयार ढोली किंवा भोक लागते. रोपाला ढोली नसते, वीस वर्षांच्या झाडालाही क्वचितच. म्हणून ज्या वसाहतीतून पोकळ झाडे निवडून पाडली जातात तेथे झाडांची संख्या वाढली तरी हे पक्षी कमी होतात. आमची पिंगळ्यांची जोडी झाड पडल्यावर आठवडाभर समोरच्या विजेच्या तारेवर बसून ओरडत असे. पुढे दिसली नाही.

आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले, की अर्जातले वय चुकीचे होते, झाड पन्नास वर्षांहून बरेच जुने होते आणि अर्ज करणाऱ्यांत आम्हीही होतो. पत्र पोचल्याचा शिक्का मिळाला. वसाहतीच्या सभेत ते पत्र वाचून दाखवले तेव्हा काही जण नाराज झाले. स्कूटर ज्यांची होती ते म्हणाले, ‘‘तुम्ही सही करायच्या आधी बोलायला हवं होतं.’’ ते खरेच होते.

त्याच सभेत दोन ठराव झाले. बुडख्याभोवती दीड मीटरपर्यंत ब्लॉक पुन्हा बसवायचे नाहीत. आणि कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाशेजारून नवी केबल जाणार आहे, तिचा चर झाडापासून तीन मीटर दूरून न्यावा, जमले नाही तर तेथे यंत्र न लावता हाताने खणावे, अशी विनंती करायची. त्या पर्जन्यवृक्षाचा घेर, कल आणि बुडाशी असलेल्या मातीची स्थिती मुलांनी एका वहीत लिहून ठेवली आहे. घेर जमिनीपासून १३७ सेंटिमीटर उंचीवर मोजायचा असतो, म्हणून बुंध्यावर त्या उंचीला खडूने खूण केली आहे.

चिंच बुडख्यातून पुन्हा फुटते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सालीच्या कडेने सात कोंब आले. पाच पूर्वेकडून, दोन दक्षिणेकडून. चराच्या बाजूने एकही नाही.